अस्तरातल्या रिकाम्या पट्ट्या

मी इंग्लंडमधल्या एका म्यूझियममध्ये टेक्स्टाइल कॉन्झर्व्हेटर आहे, म्हणजे जुने कपडे तपासते आणि जपते, आणि हा एक गाऊन डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. 1880 च्या दशकातला टी-गाऊन, म्हणजे बायका घरी चहाच्या वेळी घालत तो सैल झगा, शेवाळी रंगाच्या टसर रेशमाचा, प्रदर्शनाआधी तपासायला माझ्याकडे आला. लेबल आधीच लिहून तयार, 'कॉर्सेटमुक्त पोशाख', म्हणजे कमर आवळणाऱ्या काड्यांच्या चोळीशिवाय घालायचा. कपडा उलटून न बघता लेबलं लिहितात याचा मला खरंच राग येतो.

मी भंडाऱ्याची, कोसा म्हणजे टसरच, तो बघतच वाढले, त्यामुळे कापड हाताला लगेच कळलं. तरी मायक्रोस्कोपखाली बघितलंच, टसरचा तंतू चपटा, रिबिनीसारखा, लांबीभर बारीक रेघा. यावर रंग नीट चढत नाही, इंग्लंडमधल्या लीक गावच्या थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याने खूप खटपट करून ते जमवलं, 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं, आणि लंडनच्या लिबर्टी या दुकानाने त्याची रंगवलेली रेशमं विकली. असं मऊ, अंगावरून सरळ पडणारं कापड मिळालं म्हणून तर सैल गाऊन शोभायला लागले.

बाहेरून हाही सैलच, पण आत सुती अस्तराची घट्ट चोळी आणि कमरेला हुकांचा पट्टा. त्याचं नवल नाही, तेव्हाचे बरेच टी-गाऊन असेच असतात. पण चोळी ताठ ठेवणाऱ्या व्हेलबोनच्या (देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांच्या) काड्या घालायला शिवलेल्या उभ्या पट्ट्या रिकाम्या! कमरेपाशी त्या आतून घासून विरल्यात, म्हणजे काड्या होत्या आणि बाई त्या घालून वावरलीये. मग कुणीतरी प्रत्येक पट्टीचं टोक उसवून काडी काढली आणि टोक परत शिवलं, अस्तराच्याच रंगाचा दोरा, इतके बारीक टाके की बघत राहावं. बाजूच्या शिवणीही सोडल्यात, जुन्या शिवणीची भोकं स्पष्ट दिसतात.

क्युरेटर म्हणते नंतर कुणी नाटकाबिटकासाठी केलं असेल. मला नाही पटत, त्यासाठी कोण एवढं निगुतीनं शिवतं? गरोदरपणाचा विचार मीही केला, पण मग शिवणी परत आत घेतल्या असत्या ना, तशी खूण कुठेच नाही. 1881 मध्ये लंडनला रॅशनल ड्रेस सोसायटी निघाली, बायकांच्या आवळणाऱ्या, जड कपड्यांविरुद्ध, आतले कपडे 7 पौंडांपेक्षा जड नकोत म्हणाली, त्या बायकांची नावं इतिहासात आहेत. हिने घरी बसून सुईने तेच केलं असेल तर तिचं नावसुद्धा कुठे नाही.

पण दोऱ्यावरून साल ठरत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये 'काड्या नंतर काढल्या, कोणी व केव्हा अज्ञात' एवढंच लिहिलंय. गाऊन पुढून उघडा ठेवून अस्तर दिसेल असा मांडा आणि लेबल बदला, हा माझा आग्रह आहे, निर्णय अजून व्हायचाय.