अ‍ॅलर्जी वारशाने येते म्हणजे नेमके काय येते?

‘आपल्या घराण्यात पेनिसिलिन कुणालाच चालत नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा माग काढला तेव्हा एवढेच हाती लागले, की आजीला तरुणपणी त्या इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठल्या होत्या. तेवढ्यावरून पुढच्या दोन पिढ्यांच्या केसपेपरवर तांबड्या शाईने तीच सूचना लिहिली गेली, आणि ज्यांनी ते औषध कधी घेतलेही नव्हते त्यांनाही दुसरी औषधे देण्यात आली. वास्तविक एखाद्या ठरावीक औषधाची अ‍ॅलर्जी अशी सरसकट पिढीजात उतरत नाही. इतकेच काय, ज्यांच्या स्वतःच्या नावापुढे ही नोंद असते त्यांच्यापैकीही सुमारे ९० टक्के लोकांना रीतसर तपासणीअंती पेनिसिलिन सोसते. अर्थात ती तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.

वारशाने येते ती प्रवृत्ती. निरुपद्रवी पदार्थाविरुद्धही शरीराने आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करावीत, हा कल आईवडिलांकडून येतो. तो कशावर आणि कोणत्या रूपात प्रकट होईल, हे मात्र ठरलेले नसते. माझ्या आईला फक्त धुळीने शिंका येतात. धाकट्या भावाला तान्हेपणी कोपराच्या लवणीत इसब होते, कातडी खाजवून खाजवून जाड आणि काळपट झाली होती, आणि ते ओसरते न ओसरते तोच दमा सुरू झाला. त्वचेचा बाहेरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा इसबाशी संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला, तरी असा दोष असलेल्या प्रत्येकाला इसब होतेच असे नाही. एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा कधीकधी एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते आणि दुसऱ्याला नसते.

वारशापेक्षा वारशाची धास्तीच कधीकधी जास्त नुकसान करते, असे माझे मत आहे. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या तान्ह्या मुलांना पहिल्या वर्षापासून नियमितपणे शेंगदाण्याचे पदार्थ दिले, तेव्हा पाचव्या वर्षी शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी अशाच मुलांना तो पदार्थ टाळायला सांगितले जात असे.

याउलट, अ‍ॅलर्जी समजून सोडून दिलेले काही त्रास खरोखरच आनुवंशिक असतात. गांधी न उठता ओठ, घसा किंवा आतडी वारंवार सुजणे हा आनुवंशिक अँजिओएडिमा असू शकतो. अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी तो उतरत नाही, आणि आई किंवा वडिलांना तो असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. भुलीच्या काही औषधांनी स्नायू ताठरून ताप झपाट्याने चढणे, म्हणजे मॅलिग्नंट हायपरथर्मिया, हाही असाच वारशाने येतो. अशा रुग्णाला आधीची एखादी भूल निर्विघ्न मानवलेली असू शकते, म्हणूनच भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताच्या नातेवाइकांबद्दलही विचारतात.