विम्याच्या हिशेबातले वय

भाऊमामा मला वाढदिवसाचा फोन सहा महिने आधी करायचा. "अभिनंदन. आजपासून तू बेचाळीसचा." मी तर एकेचाळीसचाच असायचो. पण विम्यात बहुतेक पॉलिसींना जवळच्या वाढदिवसाचे वय धरत आले आहेत. अर्धे वर्ष उलटले की पुढचे वय आणि पुढचा दर. "कालपर्यंत स्वस्त होतास रे," असे तो खरोखरच हळहळून म्हणे. मग प्रत्यक्ष वाढदिवसाला दुसरा फोन यायचा, त्यात विमा नसे. त्यात मामीही असायची आणि निम्म्याहून जास्त तीच बोलायची.

गोवा मुक्त झाला तेव्हा मामा शाळेत होता. पुढे मुंबईला जाऊन आयुर्विमा महामंडळात लागला, खात्याच्या परीक्षा देत मोठा अधिकारी झाला, गावोगाव बदल्या झाल्या. हा भाग तो स्वतःही दोन वाक्यांत उरकायचा. रंगवून सांगायचा ते 1956 सालचे. "245 विमा कंपन्या आणि सोसायट्या सरकारने एकत्र केल्या. आपल्याकडे तीन भाऊ एका चुलीवर राहत नाहीत, तिथे 245!" बोधचिन्हातले ज्योतीभोवतीचे दोन हात दाखवून खालची ओळ गीतेच्या नवव्या अध्यायातली, हे तो प्रत्येक नव्या भाच्याला सांगे. भाचा तेव्हा पाळण्यात असला तरी.

चवथीला मात्र तो कुठूनही फोंड्याच्या घरी पोचायचा. आधी बोटीने, मग रात्रभर घाट मोजत बसने, 1998 नंतर कोकण रेल्वेने. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर तोच चढणार. खालून आम्ही एकेक फळ वर द्यायचे आणि तो वरून चौकशा करायचा: हप्ता भरलास? पत्ता बदललास तर कळवलेस? नॉमिनी कोण?

नॉमिनी हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. गोव्यात लग्नासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा सही करावी लागते; पहिली इरादा कळवायला, दुसरी काही दिवसांनी तो पक्का करायला. घरातल्या कोणाची दुसरी सही झाली की मामा नवरदेवाला बाजूला घ्यायचा. सगळ्यांना वाटे, वडीलधारा माणूस संसाराच्या चार गोष्टी सांगत असेल. तो सांगायचा, की प्रॉव्हिडंट फंडातले लग्नाआधीचे नामांकन लग्नानंतर चालत नाही, नवे करावेच लागते. विम्यातले आपोआप बदलत नाही, ज्याचे नाव घातले त्याचेच राहते. "बायको घरात आणि पॉलिसीवर अजून आई, असे नको." एका सासूबाईंनी हे ऐकले आणि त्या पुढे वर्षभर मामाशी मोजकेच बोलत होत्या. 2015 साली कायदा बदलला आणि नॉमिनी आई-वडील, नवरा-बायको किंवा मुले असतील तर पैसा खरोखर त्यांचाच, असे ठरले. त्यापूर्वी नॉमिनी हा बहुधा वारसांच्या वतीने पैसे घेणाराच समजला जाई. त्या वर्षी मामा निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी त्याने सगळ्यांना फोन करून ही बातमी दिली. कोणाकडे बाळ झाल्याचे कळवावे तशी.

नात्यात त्याने कधी कोणाच्या गळ्यात पॉलिसी मारली नाही. त्यामुळे विमेवाला दिसताच रस्ता ओलांडणारी माणसेही त्याच्याशी पारावर तासन्‌तास बोलत बसायची. आणि तो ऐकायचा. कोणाला साखर आहे, कोणाचा मुलगा परदेशी जाऊन फोन करत नाही, हे त्याला आमच्या आधी ठाऊक असे.

तो गेला तेव्हा मामीने कपाटातून फाइल काढली. पासबुके, पेन्शनचे कागद, सगळे क्रमाने. सर्वांत वर एक यादी होती, कोणाला कसे कळवायचे त्याची. "पेडण्याच्या आतेला फोन नको, माणूस पाठवा, तिला रक्तदाब आहे." "धाकट्याला रात्री सांगू नका, तो लगेच गाडी काढील." खाली वेगळ्या शाईत, बहुधा नंतर आठवून लिहिलेले: "बंड्याचा हप्ता याच महिन्यात, तो विसरतो. सवलतीचे तीस दिवस असतात."

बंड्या विसरलाच होता. दिवसकार्य आटोपल्यावर मामीनेच त्याला समोर बसवून मोबाइलवरून हप्ता भरायला लावला, आणि पावती छापून आणायला सांगितली. फाइलला लावायला.