आईने गाडीत बसावे

ऑगस्ट संपत आला की ओहायोमध्ये माझ्याकडे सतरा वर्षांचे मुलगे येऊ लागतात. खरे सांगायचे तर ते येत नाहीत, आणले जातात. गाडीतून उतरून, हुडीच्या खिशात हात खुपसून, दंतवैद्याच्या हत्यारांकडे बघावे तसे ते माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडे बघतात. त्यांच्या मागून आई उतरते, आणि तिच्या हातात हँगरला लावलेले इस्त्रीचे तीन शर्ट, एक कंगवा आणि फोनमध्ये साठवलेले, दुसऱ्या कोणाच्या तरी हसऱ्या मुलाचे पाच-सहा फोटो असतात. 'असे हवे आहेत,' असे ती मला सांगते, आणि त्या क्षणी मुलगा आभाळाकडे बघू लागतो.

अमेरिकेत बारावीच्या वर्षाला सीनियर इयर म्हणतात आणि त्या वर्षीचा फोटो हा घरातला एक विधीच असतो. शाळेने ठरवलेला स्टुडिओ ईयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या वार्षिक आठवणींच्या पुस्तकासाठी, सगळ्यांचा एकाच साच्यातला फोटो काढतो: मागचा पडदा एक, डोक्याचा आकार एक, बऱ्याच ठिकाणी मुलींच्या खांद्यांवर काळे मखमली कापड आणि मुलग्यांना टक्सिडो. हा टक्सिडो म्हणजे पाठ नसलेला, बाळाच्या लाळेऱ्यासारखा पुढून लावून मागे अडकवायचा शर्ट-कोट असतो आणि त्याच्याखाली मुलाची रोजची हाफपँट तशीच असते. तो फोटो पाच मिनिटांत उरकतो. माझ्याकडे येतो तो दुसरा फोटो, घरच्यांच्या हौसेचा, जो मे महिन्यात पदवीदानाच्या कार्डावर छापला जातो, घरच्या मेजवानीत फळ्यावर लागतो आणि अडीच बाय साडेतीन इंचांच्या, पाकिटात मावणाऱ्या प्रतींच्या रूपाने मामा-मावश्यांपर्यंत पोहोचतो.

ही प्रथा जुनी आहे. बॉस्टनजवळच्या जॉर्ज वॉरन या छायाचित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे फोटो काढण्याचा मोठा व्यवसाय उभा केला. त्याआधीच्या डॅगेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उमटवलेल्या फोटोची, प्रत निघत नसे. काचेच्या निगेटिव्हमुळे एकाच चेहऱ्याच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्या आणि मुले वर्गमित्रांचे फोटो विकत घेऊन त्यांचे आल्बम बांधू लागली. त्या फोटोंत हसणारा मुलगा सापडणे अवघड आहे, आणि त्याबद्दल कोणाच्या आईने वॉरनकडे तक्रार केली असेल असे मला वाटत नाही.

मी पुण्याहून इथे आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे, आणि बरीच वर्षे एच-४ या जोडीदारांच्या व्हिसावर घरीच होते. २०१५ साली ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांच्या जोडीदारांना काम करण्याची परवानगी मिळू लागली, तेव्हा मंडळाच्या गणेशोत्सवात हौसेने फोटो काढणारी मी रीतसर व्यवसायात उतरले. पहिल्या वर्षी माझी समजूत अशी होती की नाखूश मुलाला हसवणे हेच आपले कौशल्य. मी विनोद करत असे, विचित्र आवाज काढत असे, 'तीन म्हटल्यावर हस' असे सांगत असे, आणि मुलगे बिचारे भिडेखातर दात दाखवत असत. एका आईने तसले चाळीस फोटो शांतपणे बघितले आणि मला विचारले, 'फोटो छान आहेत, पण हा कोण आहे?' तिने ते फोटो घेतले, पैसेही पूर्ण दिले. तो प्रश्न मात्र मला त्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त पुरला.

मुलगे कॅमेऱ्याला घाबरतात असे म्हणतात, ते मला पटत नाही. दिवसाला वीस सेल्फी काढणारा मुलगा कॅमेऱ्याला कशाला घाबरेल? अडचण निराळी असते. एक तर त्याला स्वतःचा चेहरा माहीत असतो तो हाताच्या अंतरावरून दिसणारा, आणि इतक्या जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगते आणि कान मागे पळतात. हा लेन्सचा दोष नसून अंतराचा परिणाम आहे, पण आपले नाकच तसे आहे अशी मुलाची पक्की समजूत झालेली असते. त्यात सेल्फी काढताना पडद्यावर दिसते ती आरशातली प्रतिमा, त्यामुळे दुसऱ्याने काढलेल्या फोटोत भांग उलट्या बाजूला जातो, भुवई वाकडी वाटते आणि आपण कोणीतरी परकेच दिसतो. म्हणून मी ८५ मिलिमीटरची लेन्स लावून तीन मीटर मागे उभी राहते, आणि दहाएक मिनिटांनी त्यातल्या त्यात चांगला निघालेला एकच फोटो त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवते. बहुतेक जण काहीच बोलत नाहीत. खांदे मात्र बोटभर खाली येतात, आणि माझे काम तिथे सुरू होते.

दुसरी अडचण म्हणजे आई. हे मी स्वतः आई असूनच लिहिते आहे. सतरा वर्षांचा मुलगा आईसमोर एक असतो आणि बाहेरच्यांसमोर दुसरा. दोन्हीकडचे लोक एकदम समोर उभे राहिले की यातला कोणता बाहेर काढावा हे त्याला कळेनासे होते, आणि मग तो दोन्ही आत ठेवून नुसता चेहरा पुढे करतो. त्यामुळे माझा नियम असा आहे की शर्ट, कंगवा आणि सूचना माझ्या ताब्यात देऊन आईने गाडीत बसावे. त्याआधी मी मुलाशी तिच्यादेखत करार करते: तीन जागा, दोन शर्ट, ४५ मिनिटे, आणि हसण्याची सक्ती नाही. घड्याळ त्याच्याच हातात देते. दिलेली वेळ पाळली की पुढच्या वेळी त्याचा धाकटा भाऊ कमी कुरकुर करत येतो, हा धंद्यातला शहाणपणाचा भाग झाला.

डब्लिन या कोलंबसच्या उपनगरात एका बागेत काँक्रीटची १०९ मक्याची कणसे ओळीने उभी केलेली आहेत. माल्कम कॉक्रन या शिल्पकाराने १९९४ साली केलेले हे काम आहे. पूर्वी तिथे मक्याचे खरे शेत होते. एकेक कणीस माणसाहून किंचित उंच. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो, आणि मला तो फार उपयोगी वाटतो, कारण अबोल मुलगासुद्धा तिथे येऊन काहीतरी बोलतोच, निदान 'हे काय आहे' एवढे तरी. शिवाय संध्याकाळी सातनंतर सूर्य कलला की त्या पांढुरक्या काँक्रीटवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर असा मऊ पडतो की रिफ्लेक्टर उघडावा लागत नाही.

गेल्या वर्षी तिथे एक बेसबॉल खेळणारा मुलगा आला होता. सहा फुटांहून उंच, मानेवर उन्हाचा लाल पट्टा, आणि हात असे लोंबत होते जणू ते कोणीतरी त्याच्याकडे सांभाळायला दिले आहेत. हातांचा प्रश्न सगळ्याच मुलग्यांना पडतो; खिशात घालून अंगठे बाहेर ठेवायला सांगितले की तो निम्मा सुटतो, पण याच्या बाबतीत तेही जमेना. मी हनुवटी किंचित पुढे आणि खाली घ्यायला सांगितली तर त्याने मान कासवासारखी काढली, आणि वजन मागच्या पायावर टाकायला सांगितले तर तो पडतो की काय असे वाटले. पंधरा मिनिटे वाया गेली. शेवटी मी त्याच्या बॅगेतला चेंडू मागून घेतला आणि मला खरोखरच माहीत नसलेली गोष्ट विचारली: यावरची शिवण नेमकी कशासाठी असते?

त्याने चेंडू माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. पहिली दोन बोटे शिवणीला आडवी ठेवली की सरळ वेगवान चेंडू जातो, मधले बोट शिवणीच्या कडेने दाबले की तो वळत खाली उतरतो, हे तो चेंडू फिरवून फिरवून दाखवू लागला. लाल दोऱ्याचे दुहेरी टाके १०८ असतात हेही त्यानेच सांगितले. जपमाळेतही मणी तेवढेच असतात असे मी म्हटले, तर जपमाळ म्हणजे काय हे त्याला सांगावे लागले. मग मी त्याला लेगस्पिनची पकड दाखवली: पहिली दोन बोटे फाकवायची आणि दुमडलेल्या तिसऱ्या बोटाच्या आधाराने चेंडू वळवायचा. गल्लीत माझा भाऊ ती टाकत असे. माझ्या हातून चेंडू घरंगळून एका कणसाच्या बुंध्याला लागला. तो हसला नाही. त्याने चेंडू उचलून आणला, बोटे बरोबर तशी बसवली आणि खाली मान घालून स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, आणि तेवढ्यात मी सहा-सात वेळा शटर दाबले. मग त्याने मान वर केली ती मला पुढचे काहीतरी विचारण्यासाठी, आणि त्या प्रश्नाच्या आधीचा जो चेहरा होता तोच पुढे त्याच्या आईने निवडला.

खोटेपणाचा एक भाग मला कबूल केला पाहिजे. 'थांब, अजून सुरू नाही, नुसता उजेड तपासते आहे,' असे मी प्रत्येकाला सांगते आणि त्या वेळात फोटो काढतच असते. नंतर ते सांगून टाकते, आणि नको असतील ते त्याच्यासमोर पुसते. आजवर दोघांनीच पुसायला लावले.

मराठी घरांतले मुलगे हे वेगळेच प्रकरण आहे, कारण तिथे फोटो आईला हवा असतो आणि तिच्यामार्फत नाशिकच्या नाहीतर कोल्हापूरच्या आजीला. अशाच एका मुलाच्या आईने मोतिया रंगाचा रेशमी कुर्ता आणला होता. 'अहो, दात दाखवून हसायला सांगा त्याला, ब्रेसेसवर इतका खर्च केलाय,' असे ती म्हणत होती आणि मुलगा 'आई, प्लीज' एवढेच परत परत म्हणत होता. मी तिला एसी लावून गाडीत बसायची विनंती केली. ती गेली, पण अर्ध्या वाटेतून परत येऊन त्याची कॉलर सारखी करून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर तो मला म्हणाला, 'काकू, तो कुर्ता एकदम शेवटी.' मी कबूल झाले. काळ्या हुडीतले फोटो आधी निघाले आणि ते त्याला मान्य झाले. मग कुर्ता घातला तर बाह्या लांब झाल्या, आणि तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत त्या दुमडू लागला: आधी डावी, मग उजवी, बटण लागेना म्हणून दाताने काजे ओढले. दात दिसले ते तेवढेच. आजीकडे तोच फोटो गेला आणि तो तिने देवघराशेजारी लावला, असे मला नंतर कळले.

चष्म्याच्या काड्या कानावरून थोड्या उचलल्या की काचेवरची चमक जाते, वगैरे कारागिरी कोणालाही शिकता येते. नंतर संगणकावर बसल्यावर मात्र मी एक गोष्ट कटाक्षाने पाळते: जे दोन आठवड्यांत आपोआप जाणार आहे ते मी काढते, जे राहणार आहे ते राहू देते. मुरूम जातो, तीळ, कांजिण्यांचा खड्डा, लहानपणी सायकलवरून पडल्याचा भुवईतला व्रण यांना मी हात लावत नाही. त्वचा मेणासारखी गुळगुळीत करून मागणारे पालक भेटतात. त्यांना मी दुसऱ्या फोटोग्राफरचा नंबर देते.

या वर्षी माझा मुलगा सीनियर आहे. जूनपासून मी जागा हेरून ठेवल्या होत्या, त्याच्या सायकलचा आणि निळ्या शर्टाचा विचार करून ठेवला होता, आणि तो जेवता जेवता म्हणाला, 'आई, तू सोडून कोणीही चालेल.' त्याने स्वतःच एक तरुण फोटोग्राफर शोधून काढली, जिने दोन उन्हाळे माझ्या हाताखाली रिफ्लेक्टर धरला होता. ठरलेल्या संध्याकाळी नदीकाठी मी तीन शर्ट घेऊन उतरले. तिने ते माझ्या हातातून घेतले आणि अतिशय नम्रपणे, माझ्याच शब्दांत, मला गाडीत बसायची विनंती केली.

बाजूच्या आरशात दोघे लहान दिसत होते. ती सूर्याच्या फार जवळच्या रेषेत उभी होती, त्याची डावी बाजू अंधारात जात होती आणि कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. दोनदा माझा हात दाराच्या कडीवर गेला. मग तिने त्याला काहीतरी विचारले आणि तो दोन्ही हात पसरून, डोके मागे टाकून बोलू लागला, तसा तो घरी गेल्या वर्षभरात बोललेला मला आठवत नाही. काय सांगत होता ते ऐकू आले नाही; काच वर होती आणि एसी चालू होता.