रोज सायकल चालवूनही वेग का वाढत नाही?

‘रोज तासभर सायकल चालवतो, तरी सरासरी वेग महिनोन्‌महिने तिथेच अडकला आहे; आता अंतर वाढवू का?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो: अंतर आहे तेवढेच राहू द्या, जोर लावण्याची पद्धत बदला.

थोडा दम लागेल पण फार त्रास होणार नाही, अशा बेताने रोज सायकल चालवली, तर शरीर तेवढ्या श्रमाला सरावते आणि त्यापुढे बदलण्याचे त्याला कारणच उरत नाही. त्यातच वेगाचा हिशेब सरळ नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. त्यामुळे सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी २५ किलोमीटरवरून ३० वर जाताना वेग २० टक्क्यांनीच वाढतो, पण हवा कापण्यासाठी सुमारे ७३ टक्के अधिक शक्ती खर्चावी लागते. ती नुसत्या सवयीने येत नाही.

म्हणून आठवड्यातले दोन दिवस, लागोपाठ न येतील असे, खरोखर कष्टाचे ठेवावेत. अंग नीट तापल्यावर चार मिनिटे इतका जोर लावावा की दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, मग तीन मिनिटे हलके पेडल मारावे, आणि असे चार वेळा करावे. पहिल्या फेरीत बहुतेकांची फसगत होते: पाय ताजे असतात, हृदयाचे ठोके मागाहून चढतात, घड्याळातला आकडा कमी दिसतो म्हणून माणूस आणखी रेटतो आणि तिसऱ्या फेरीपर्यंत त्याचे पाय भरून येतात. चौथी फेरी पहिलीइतक्याच वेगाने निभावली, तर जोर बेताचा लागला असे समजावे. (हृदयविकार असेल किंवा छातीत दुखत असेल, तर यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.)

उरलेल्या दिवशी मात्र पूर्ण वाक्ये सहज बोलता येतील इतक्या सावकाश चालवावे. माझ्या मते हेच अधिक अवघड आहे, कारण कोणी मागून येऊन पुढे निघून गेले की बोटे आपोआप गिअरकडे जातात. पण स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे या संथ श्रमानेही वाढते, आणि पाय कष्टाच्या दिवसासाठी ताजे राहतात. प्रगती मोजायची, तर रोजची सरासरी पाहू नये, कारण सावकाश दिवसांमुळे ती सुरुवातीला घसरेलच. एकच ठरावीक टप्पा, शक्यतो सारख्याच वाऱ्यात, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा पूर्ण जोराने चालवून पाहावा.