दिवसा लावलेला कंदील

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहायला बसलो, तेव्हा नववीच्या वर्गात चित्रकलेच्या सरांनी फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलेला एक पिवळट छापील कागद सर्वांत आधी डोळ्यांपुढे आला. झाँ-लेऑ जेरोम या फ्रेंच चित्रकाराने १८६० साली रंगवलेल्या ‘डायोजिनीस’ची ती प्रत होती, मूळ चित्र बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे, हे मला फार उशिरा कळले. आडव्या पडलेल्या मातीच्या प्रचंड रांजणात एक दाढीवाला म्हातारा बसून कंदील पेटवतो आहे आणि त्याच्या सोबतीला कुत्री आहेत, एवढेच त्यात होते.

“सर, दिवसाढवळ्या कंदील कायले लावते जी हा बुवा?” मागच्या बाकावरून प्रश्न आला. रेशनच्या रांगेत उभे राहून घासलेट आणणाऱ्या घरांतली आम्ही मुले. आम्हाला त्यात पहिल्यांदा नासाडी दिसली. सरांनी सांगितले की भर दिवसा दिवा घेऊन फिरणारा हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनीस ‘मी माणूस शोधतो आहे’ असे म्हणत असे. गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव आमच्यापासून फार दूर नसल्यामुळे वर्गात लगेच त्यांचे नाव निघाले. पण बाबांनी खराटा हाती घेऊन गाव स्वतः झाडले, याने गावाला नुसते टोचले, असे म्हणून सरांनी ती तुलना तिथेच थांबवली.

जेरोम काही बंडखोर नव्हता; तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत मान मिळवलेला तो चित्रकार होता, आणि कदाचित त्याला कुत्रीच मन लावून रंगवायची असतील. तरीही मला या चित्रात समाजावरची टीका दिसते, ती कंदिलामुळे. वात आत्ता कुठे पेटते आहे, शोध अजून सुरू व्हायचा आहे, आणि उजेड पडायला समोर चित्र पाहणाऱ्याखेरीज दुसरे कोणी नाही. कुत्र्यांचेही तसेच आहे. लोकांनी शिवी म्हणून दिलेले ‘कुत्रा’ हे नाव डायोजिनीसने मिरवले, आणि त्याच्या ‘सिनिक’ पंथाचे ग्रीक नावही त्याच शब्दाशी जोडलेले आहे. ज्यांच्या आजोबांना गावाने नावाने कधी हाकच मारली नाही, त्या आमच्या वस्तीतल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

पुढच्या तासाला सरांनी ओळखीच्या रांजणाचे चित्र काढायला सांगितले. आपल्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचा रांजण म्हणजे शाळेची तिजोरीच होती. मी व्हरांड्यातला तोच रांजण काढला आणि त्याच्या शेजारी पेटता कंदील ठेवला. सरांनी शेरा दिला नाही. कागद घरी दाखव, एवढेच म्हणाले.

माझे बाबा त्यांच्या लहानपणी दुसऱ्या गावी शिकले होते आणि तिथे त्यांना पाणी वरून, ओंजळीत ओतून मिळत असे. त्यांनी कागद उंबऱ्याशी उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “ओगराळं कोनाच्या हातात हाये?”

मी ते रांजणाच्या झाकणावर नुसते ठेवलेले काढले होते.