दर उतरले, रोखेही उतरले

आमच्या सहकारी बँकेची ट्रेझरी, बँकेचा पैसा गुंतवणारं खातं, म्हणजे सांगलीतल्या दुसऱ्या मजल्यावरची काचेची खोली, दोन स्क्रीन, एक टीव्ही आणि मी. ६ जून २०२५, शुक्रवार. शिवराज्याभिषेक दिन, त्यामुळे सगळ्यांच्या स्टेटसवर पहाटेपासून रायगड. माझं लक्ष मात्र दहाच्या ठोक्याकडं.

रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, पाव-पाव टक्का उतरवला होता. जूनमध्येही पाव टक्का उतरणार हे बहुतेकांनी धरूनच ठेवलेलं, आणि दर उतरले की जुन्या, जास्त व्याजाच्या रोख्यांचे भाव चढतात, म्हणून ते त्या भरवशावर आधीच चढून बसलेले. विकायचे म्हणून ठेवलेले १० कोटींचे दहा वर्षांचे सरकारी रोखे माझ्याकडं होते. घोषणा झाली की थोडे वर काढायचे, एवढाच बेत.

गव्हर्नर संजय मल्होत्रा बोलू लागले. रेपो ६ वरून थेट ५.५०. अर्धा टक्का! भाव शंभर रुपयांमागं पंचवीस, मग तीस पैसे वर. १० कोटींवर तीस पैसे म्हणजे तीन लाख. बोट माउसवर होतं. पण एवढी कपात झालीय तर अजून दहा पैसे कुठं जातात, म्हणून थांबलो. हाव, दुसरं काय!

तेवढ्यात पुढचं आलं. फेब्रुवारीपासून एकूण एक टक्का कमी केल्यावर वाढीला हातभार लावायला आता फारच थोडा वाव उरलाय. म्हणून पवित्रा ‘अकोमोडेटिव्ह’वरून, म्हणजे दर उतरवण्याकडं कल असलेल्यावरून, ‘न्यूट्रल’, म्हणजे पुढं दर वर-खाली कुठंही जाऊ शकतात असा.

खेळ तिथंच फिरला. रोखे घेऊन बसलेल्यांनी ऑगस्ट, ऑक्टोबरच्या कपातीही भावात मोजल्या होत्या. त्या येतीलच असं नाही म्हटल्यावर जो तो विकायला धावला. मिळाला तो अर्धा टक्का खिशात, आणि पुढं वाटेत काही नाही. भाषणाच्या शेवटी सीआरआरही, म्हणजे बँकांना ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडं रोख ठेवावा लागतो तो, १ टक्क्यानं कमी, सप्टेंबरपासून चार हप्त्यांत; अडीच लाख कोटी मोकळे होणार. त्यानं कमी मुदतीचे रोखे सावरले. लांब मुदतीचे नाहीत, आणि माझे लांबचेच.

शेअरवाल्यांची मात्र दिवाळी. सेन्सेक्स ७४६ अंकांनी वर, बँकांचे शेअर तर उच्चांकावर. खालचा कॅशियर स्वतःच्या शेअरच्या आनंदात मला चहा देऊन गेला.

दुपारी अध्यक्षांचा फोन.

“अर्धा टक्का उतरला म्हणं! नफा किती काढलासा?”

“नाही काढला, अण्णा. भाव पडलेत.”

“दर उतरल्यावर भाव चढतात म्हणून मीटिंगमध्ये तुम्हीच सांगितलं की ओ!”

सांगितलं होतं खरं. मी ‘न्यूट्रल’चं समजावू लागलो. अण्णांनी पुरतं ऐकून घेतलं, मग म्हणाले, “एका शब्दापायी?”

साडेचारला निम्मे विकले, गुरुवारच्या भावाच्याही खाली. नोंदवहीत विक्रीचं कारण लिहावं लागतं. ‘न्यूट्रल’ लिहिलं आणि सही केली.