तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं होऊनही तुम्ही अजून बोलता कसे?

मीटिंगमध्ये सगळे हो म्हणत असताना मी हात वर करून शंका काढतो. मग मीटिंग संपते, खुर्च्या सरकतात आणि कोणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारतं, "एवढं होऊनही तुम्ही अजून बोलता कसे? मोटिव्हेशन आणता कुठून?" त्यात थोडं कौतुक असतं, थोडी कीव असते, आणि बऱ्याचदा "गप्प बसा ना एकदाचे, आम्हाला उशीर होतो" हेही असतं, कळतं मला. आजवर हसून टाळलं. आता लिहूनच टाकतो.

या बोलण्यापायी प्रमोशन हुकलं, दोनदा टीम बदलली, 'निगेटिव्ह माणूस' असा शिक्का बसला, हे तुम्हाला माहीतच आहे, ते सोडा.

ही हिंमत बिंमत काही नाही. बोलायच्या आधी माझे तळहात आजही घामेजतात. आणि 'रेझिलियन्स' हा शब्द माझ्यासाठी वापरू नका प्लीज. रात्री दोन वाजेपर्यंत स्वतःचंच एक वाक्य घोळवत बसणारा माणूस आहे मी, कसला आलाय रेझिलियन्स.

मी बोलतो ते एकदा बोललो नाही म्हणून.

नव्या सिस्टीमवर जायची तारीख ठरली होती. टेस्टिंग सगळं चकाचक डेटावर झालेलं, जुन्या रेकॉर्डमधल्या डुप्लिकेट नोंदी तशाच होत्या. मला हे तीन आठवडे माहीत होतं (हो, तीन आठवडे, आणि मी मेल केला नव्हता). टीममधल्या एका ज्युनियर मुलीला ते स्वतःहून सापडलं. जॉइन होऊन वर्षही झालं नव्हतं तिला. आदल्या संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन आली, सगळं दाखवलं आणि म्हणाली, "सर, उद्या मांडू का?" मी म्हटलं, "मांड की. मी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने मांडलं. आवाज कापत होता पण आकडे बरोबर होते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून कुणाला असं वाटतंय?" मग टेबलाभोवती एकेक जण. नाही. नाही. मॅनेज होईल. नाही सर. माझी पाळी येईपर्यंत जेमतेम अर्धा मिनिट गेला असेल, पण त्या अर्ध्या मिनिटात मी स्वतःला काय काय पटवलं विचारू नका: तारीख वरून आलीय, ती हलणार नाही, उगाच पोरगी वाईटात येईल, नंतर एकट्यात बोलू साहेबांशी. खरं कारण एवढंच की त्याच आठवड्यात माझं अप्रेझल होतं. मी म्हणालो, "मुद्दा चांगला आहे, पण लाइव्ह गेल्यावर बघता येईल."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढे व्हायचा तो घोळ झाला, अकरा दिवस रात्री जागून सगळ्यांनी निस्तरला, वर त्याबद्दल कौतुकाचा मेलही आला. पण त्यानंतर ती मुलगी प्रत्येक मीटिंगमध्ये "नाही सर, ऑल गुड" म्हणायला लागली. दोन महिन्यांनी मी सॉरी म्हणायला गेलो तर म्हणाली, "जाऊ द्या ना सर, मला कळलं कसं असतं ते."

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशचे 1950च्या दशकातले रेषांचे प्रयोग ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलेले असतात: दाखवलेल्या रेषेएवढीच दुसरी रेष कोणती, हे गटात एकेकाने सांगायचं. बाकीचे ठरवून चुकीची रेष सांगतात, मग खरा माणूसही साधारण तीनातल्या एका वेळी त्यांच्या मागे जातो. एक जरी सोबती बरोबर उत्तर देणारा मिळाला तर हे प्रमाण पार खाली येतं. मला छळतो तो त्याच्या पुढचा भाग. अ‍ॅशने असंही करून पाहिलं की सोबती अर्ध्या वाटेवर साथ सोडून बहुमताला जाऊन मिळतो. माणूस पुन्हा जवळजवळ एकट्याइतकाच वाकतो. आणि तोच सोबती काहीतरी कामाचं सांगून खोलीतून नुसता निघून गेला, तर त्याने दिलेला धीर बऱ्यापैकी टिकतो! म्हणजे मी त्या दिवशी आजारी पडून घरी बसलो असतो तरी तिचं कमी नुकसान झालं असतं.

"ती शिकली गप्प बसायला," असं मी बरीच वर्षं म्हणायचो. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हेच मांडलं होतं, की आपल्या हातात काही नाही हे शिकलं जातं आणि मग जीव प्रयत्न सोडतो. पण त्याच दोघांनी 2016 मध्ये स्वतःचंच म्हणणं उलटं केलं: लांबलेल्या त्रासापुढे हात टेकणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया, आणि आपल्या करण्याने काही बदलतं हे मात्र शिकावं लागतं. प्राण्यांवरून माणसांबद्दल फार बोलू नये, मान्य. तरी मला ते वाचून पहिली तीच आठवली. ती गप्प बसायला शिकली नव्हती, ती बोलायला शिकत होती, पहिल्याच धड्याला मी पुस्तक ओढून घेतलं.

आणि मीच तो माणूस जो ज्युनियर्सना सांगायचा, "प्रॉब्लेम आणू नका, सोल्यूशन आणा." याला मी 'कन्स्ट्रक्टिव्ह' म्हणायचो. तिच्याकडे कुठे होतं सोल्यूशन? डुप्लिकेट नोंदी दिसत होत्या, एवढंच. ज्याला आग दिसली त्यानेच पाणीही आणायचं म्हटलं तर कोणी सांगेल का धूर येतोय म्हणून? नंतर प्रायश्चित्त म्हणून मी एक टूम काढली, दर मीटिंगला आळीपाळीने एकाने विरोधी बाजू मांडायची. लोकांनी मस्त नाटक केलं, कोणाचंही मत तसूभर हललं नाही. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या संशोधनात हेच आलंय की मनापासूनच्या असहमतीने गटाचा विचार जेवढा हलतो, तेवढा नेमून दिलेल्या विरोधकाने हलत नाही. आधी वाचलं असतं तर वेळ वाचला असता सगळ्यांचा.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुम्ही अपराधी वाटतं म्हणून बोलता, कामासाठी नाही. असेलही. काही वेळा मी उगाचच बोलतो, हे माझ्या जवळच्या एका सहकाऱ्याने तोंडावर सांगितलंय, आणि तो एकटाच आहे ज्याचं मी ऐकून घेतो. त्याच्यामुळेच टिकलोय बहुतेक. पण अपराधी वाटून मांडलेला मुद्दा खोटा ठरतो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती आता दुसऱ्या टीममध्ये आहे. मागच्या महिन्यात एका जॉइंट मीटिंगला समोर बसली होती. "कुणाला काही शंका?" असं विचारलं गेलं, ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. मी हात वर केला. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझा मुद्दा फारसा बरोबरही नव्हता.